सेरॅटोडस : दातावरून ओळखला गेलेला मासा

प्रस्तावना :
नंदुरबार जिल्ह्याचा बहुतांश भाग बेसाल्ट खडकाने व तापीच्या गाळाने व्यापलेला आहे. हा बेसाल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखी उद्रेकांतील लाव्हा थिजून तयार झाला. त्याहून कितीतरी प्राचीन अशा ट्रायासिक काळातील जीवाश्मांसाठी अभ्यासकाला प्राणहिता-गोदावरी खोऱ्यातील गाळाच्या खडकांकडे वळावे लागते. तेथे आढळलेल्या सेरॅटोडस या नामशेष मत्स्यवंशाचा परिचय प्रस्तुत लेखात करून दिला आहे.

दातांचा शोध :
सेरॅटोडस हा मांसल पक्ष असलेल्या माशांपैकी एक फुप्फुसमीन होय. 'शिंगासारखा दात' असा त्याच्या नावाचा अर्थ आहे. अशा माशांच्या सांगाड्यात कूर्चेचे प्रमाण मोठे असल्याने तो सहसा टिकत नाही. कंगोरे असलेल्या कठीण दंतपट्टिका मात्र शिल्लक राहतात. लुई अगासीझ यांनी एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात केवळ दातांवरून हा वंश स्थापिला व त्याचा संबंध शार्कवर्गीय माशांशी जोडला. नागपूरच्या दक्षिणेस, आज तेलंगण राज्यात असलेल्या मालेरी येथेही असे दात सापडले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे थॉमस ओल्डहॅम यांनी १८५९ मध्ये त्यांचे वर्णन केले. नागपूर येथील मिशनरी व भूशास्त्राचे अभ्यासक स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर यांची नावे त्यांनी दोन जातींना दिली.

जिवंत पुरावा :
१८७० मध्ये गेरार्ड क्रेफ्ट यांनी ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमधील एका जिवंत माशाचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याच्या तोंडात तशाच घडणीच्या दंतपट्टिका होत्या. म्हणून त्यांनी तो सेरॅटोडस वंशातच घातला. आज तो निओसेरॅटोडस या स्वतंत्र वंशात गणला जातो. त्याला कल्ल्यांबरोबर एक फुप्फुसही असते. साहजिकच जीवाश्म दातांचा धनी शार्क नसून फुप्फुसमीन होता, हे स्पष्ट झाले. हिस्लॉप यांना मात्र हे पाहता आले नाही. १८६३ मध्ये नदी ओलांडताना बुडून त्यांचा मृत्यू झाला होता.

समारोप :
केवळ दातांवर आधारलेले वर्गीकरण अपुरे ठरू शकते. पुढील संशोधनात काही जाती अन्य वंशांत हलविण्यात आल्या. असे असले तरी हे दात जपले गेले आणि त्यांचे स्थळ नोंदविले गेले, म्हणूनच हा फेरविचार शक्य झाला. स्थळ व खडकाचा थर यांची नोंद नसलेला जीवाश्म आपले निम्मे मोल गमावून बसतो, हे क्षेत्रभेटीस जाणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने लक्षात ठेवणे आवश्यक आहे.