दीड किलोची युद्धनौका

मी पडलो कॉन्व्हेंटवाला, तेव्हा मराठी जरा सांभाळून घ्या!

मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडिया यांनी सागवानात बांधलेली 'ट्रिंकोमाली' ही युद्धनौका 1817 साली पाण्यात उतरली. इंग्लंडमध्ये हार्टलपूलला ती आजही तरंगते. तिचं 1:100 मॉडेल मी बाल्साच्या लाकडात केलं. तोफांचा डेक सुमारे 46 मीटर, म्हणून मॉडेलचा 46 सेंटिमीटर. सोपं वाटलं. कपडे धुण्याच्या हौदात सोडलं, तर डोलकाठ्यांसकट आडवं! अख्खी विंग हसली.

चुकलं कुठे? लांबी 100 पट कमी केली की क्षेत्रफळ 10,000 पट आणि घनफळ 10 लाख पट कमी होतं. मूळ जहाजाचं वजन सुमारे दीड हजार टन, म्हणजे मॉडेल दीड किलोचं हवं. माझं जेमतेम 400 ग्रॅम, त्यातही भार वरच जास्त. मग आत, अगदी तळाशी, 1100 ग्रॅम शिसं बसवलं. आता ते पाणरेषेपर्यंत बुडतं आणि ढकललं तरी सरळ होतं.

तुम्हालाही जहाज करायचंय? मग फेविकॉल आणण्याआधी लायब्ररीत जा आणि लांबीबरोबर त्याचं वजनही शोधा. हौद आपलाच आहे!