आमदारकी लांबच, आधी फॉर्म तर मंजूर होऊ दे!

आजचा भाग शिर्डीतून. प्रश्न साधाच आहे: तृतीयपंथी व्यक्ती आमदार होऊ शकते का?

होऊ शकते, आणि झालेलीही आहे. पण आपल्याकडे नाही, शेजारच्या मध्य प्रदेशात. शबनम मौसी सोहागपूरमधून निवडून आल्या आणि 2003 पर्यंत विधानसभेत होत्या. त्याच राज्यात कमला जान 2000 साली कटनीच्या महापौर झाल्या. पण पद महिलांसाठी राखीव होतं. कोर्टाने सांगितलं, तुम्ही महिला नाही, आणि निवड रद्द! लोकांनी मतं दिली होती, तरी.

हीच खरी मेख आहे बघा. मतपेटीच्या आधी फॉर्मवरचा लिंगाचा रकाना आडवा येतो.

महाराष्ट्रात 2017 ला सोलापूर जिल्ह्यातल्या तरंगफळचे ज्ञानेश्वर कांबळे थेट जनतेतून सरपंच झाले. राज्यातले पहिले तृतीयपंथी सरपंच. गावाने मनावर घेतलं की असं होतं.

जळगावच्या भादली बुद्रुकमध्ये मात्र प्रकरण कोर्टात गेलं. अंजली पाटील यांनी ग्रामपंचायतीसाठी महिला राखीव वॉर्डातून अर्ज भरला. निवडणूक अधिकाऱ्यांनी तो फेटाळला, कारण त्या तृतीयपंथी. मतदान 15 जानेवारी 2021 ला, म्हणजे हातात दिवस किती? त्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या. न्यायमूर्ती रवींद्र घुगे यांच्यासमोर दोन गोष्टी होत्या: 2014 चा सुप्रीम कोर्टाचा नालसा निकाल आणि 2019 चा कायदा. दोन्हींचा गाभा एकच, आपली ओळख आपण ठरवायची. कोर्टाने अर्ज मान्य करायला लावला. पण एक गोष्ट नोंदवून घेतली, पुढे फायद्यासाठी ‘मी पुरुष’ म्हणायचं नाही. अंजलीताई लढल्या आणि जिंकल्यासुद्धा!

कटनी आणि भादली, प्रश्न तोच, निकाल उलटा. मधल्या वीस वर्षांत बदलला तो कायदा. लोक तर कटनीतही मत द्यायला तयारच होते ना?

आता आपल्या भागाकडे येऊ. शिर्डी लोकसभा मतदारसंघातच येतं श्रीरामपूर, आणि तिथल्या दिशा पिंकी शेख. कवयित्री, ‘कुरूप’ हा त्यांचा कवितासंग्रह. 2019 ला वंचित बहुजन आघाडीने त्यांना राज्य प्रवक्ता केलं. मला हे सरपंचपदाइतकंच मोठं वाटतं. प्रवक्ता म्हणजे शेती, आरक्षण, महागाई, सगळ्यावर पक्षाच्या वतीने बोलणार. फक्त ‘तुमच्या समाजाचे प्रश्न’ नाही.

याच पक्षाने 2024 ला शमिभा पाटील यांना रावेरमधून विधानसभेचं तिकीट दिलं. त्या हरल्या. राखीव वॉर्ड नव्हता, त्यामुळे भादलीसारखा रकान्याचा वाद तिथे आडवा येण्याचं कारणच नव्हतं. तिथे लागतात पैसा, कार्यकर्ते, बूथवर बसणारी माणसं. आणि हे कोर्टातून मिळत नाही.