लिनक्स कंटेनर आणि व्हर्च्युअल मशीन

लिनक्स कंटेनर आणि व्हर्च्युअल मशीन या एकाच संगणकावर अनेक कामे परस्परांपासून अलग ठेवून चालविण्याच्या दोन पद्धती आहेत. व्हर्च्युअल मशीनमध्ये प्रत्येक आभासी संगणकाला स्वतःचा कर्नल, म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा असतो. कंटेनर मात्र यजमान संगणकाचाच कर्नल सामायिकपणे वापरतात. पहिली रचना स्वतंत्र घरांसारखी, तर दुसरी एकाच वाड्यातील बिऱ्हाडांसारखी आहे.

इतिहास

आयबीएमने १९७२ मध्ये व्हीएम/३७० ही प्रणाली जाहीर केली. लिनक्स कर्नलमध्ये केव्हीएम ही आभासीकरणाची सुविधा २००७ मध्ये आली. कंटेनरचे मूळ १९७९ च्या युनिक्समधील 'सीएचरूट' या आज्ञेत शोधले जाते. पुढे नेमस्पेसमुळे प्रत्येक प्रक्रियेची दृष्टी मर्यादित करता आली, तर २००८ मध्ये कर्नलमध्ये आलेल्या सीग्रुपमुळे स्मृती व प्रोसेसरच्या वापरावर मर्यादा घालता आली. २०१३ मध्ये आलेल्या डॉकरने हे तंत्र सर्वत्र रूढ केले.

निवडीचे निकष

लिनक्स यजमानावर विंडोज किंवा वेगळ्या आवृत्तीचा कर्नल हवा असल्यास व्हर्च्युअल मशीन आवश्यक ठरते. एकाच संस्थेच्या अनेक लहान सेवा चालवायच्या असल्यास कंटेनर सोयीचे होतात. त्यांना वेगळी कार्यप्रणाली सुरू करावी लागत नाही. म्हणून ते लवकर चालू होतात आणि त्यांना स्मृतीही कमी लागते. कंटेनर काढून टाकल्यावर त्याच्या अंतर्गत थरात लिहिलेली माहिती नष्ट होते. त्यामुळे टिकाऊ माहिती बाहेरील साठ्यात ठेवावी लागते.

सुरक्षितता

सामायिक कर्नलमधील एका दोषाचा परिणाम सर्व कंटेनरांवर होऊ शकतो. कंटेनर चालविणाऱ्या 'रनसी' या साधनात २०१९ मध्ये उघड झालेल्या दोषामुळे दुष्ट हेतूने रचलेल्या कंटेनरला यजमान संगणकाचे सर्वाधिकार मिळविणे शक्य होते. म्हणून परस्परांवर विश्वास नसलेल्या वापरकर्त्यांसाठी व्हर्च्युअल मशीन अधिक सुरक्षित मानले जाते. हायपरव्हायजरमध्येही दोष आढळतात. परंतु हल्ल्यास उघडा असलेला त्याचा भाग तुलनेने लहान असतो.

एकत्रित वापर

या पद्धती परस्परविरोधी नाहीत. ॲमेझॉन वेब सर्व्हिसेसने २०१६ मध्ये मुंबई क्षेत्र सुरू केले. तेथे भाड्याने मिळणारा सर्व्हर सहसा व्हर्च्युअल मशीन असतो व ग्राहक त्यात आपले कंटेनर चालवू शकतो. अशा रचनेत ग्राहकांमधील भिंत हायपरव्हायजरची, तर एकाच ग्राहकाच्या सेवांमधील भिंत कंटेनरची असते. याच कंपनीने २०१८ मध्ये खुले केलेले फायरक्रॅकर सुमारे १२५ मिलिसेकंदांत लहान व्हर्च्युअल मशीन सुरू करू शकते. त्यामुळे वेगाच्या बाबतीत दोहोंतील अंतर कमी झाले आहे.