थकीत कर्जाचे घर: बँकेचा होकार येईपर्यंत

घराची बाजारभावाची किंमत त्यावरील थकीत कर्जापेक्षा खाली गेली, की विक्रीत मालक आणि खरेदीदार यांच्याबरोबर तिसरा पक्ष येतो, तो म्हणजे बँक. समजा, महाड एमआयडीसीजवळच्या एका सदनिकेवर २४ लाखांचे कर्ज थकले आहे आणि गिऱ्हाईक २० लाखच देत आहे. उरलेले ४ लाख मालकाने अन्य मार्गाने भरले किंवा बँकेने सोडून दिले, तरच बोजा उतरतो. अमेरिकेत अशा विक्रीला ‘शॉर्ट सेल’ म्हणतात. आपल्याकडे ती एकरकमी तडजोडीच्या, म्हणजे ओटीएसच्या वाटेने होते. या वाटेवर वेळ जातो तो मुख्यतः बँकेच्या मंजुरीत.

उशीर कुठे होतो

रिझर्व्ह बँकेच्या जून २०२३ च्या चौकटीनुसार, ज्या अधिकाऱ्याला कर्ज मंजूर करण्याचा अधिकार असतो, त्याच्यापेक्षा किमान एक पायरी वरच्या अधिकाऱ्याने किंवा समितीने तडजोड मंजूर करावी लागते. त्यामुळे शाखेत अनुकूल बोलणे झाले, तरी निर्णय वरच्या कार्यालयात होतो. पोलादपूरकडची अनेक कुटुंबे नोकरीधंद्यासाठी मुंबईत असतात. कर्जही तिकडच्या शाखेचे असेल आणि सहमालक वेगवेगळ्या ठिकाणी राहत असतील, तर सह्या गोळा करण्यातच आठवडे जातात. मूल्यांकन हे आणखी एक कारण. सावित्री आणि गांधारीच्या काठच्या महाडने जुलै २०२१ चा पूर पाहिला आहे. तळमजल्याच्या घराची किंमत मालक, खरेदीदार आणि बँकेचा मूल्यांकक वेगवेगळी धरू शकतात. आकडे जुळले नाहीत, की प्रस्ताव परत येतो.

विसार देण्यापूर्वी

बोजा कोणाकोणाचा आहे, हे आधी पाहावे. सातबाऱ्यावरील ‘इतर हक्क’, मिळकत पत्रिका किंवा गावठाणातील घरासाठी ग्रामपंचायतीचा नमुना ८, दुय्यम निबंधक कार्यालयातील शोध आणि तारण मालमत्तांची केंद्रीय नोंदवही यांतून चित्र स्पष्ट होते. सदनिकेवरील कर्ज सातबाऱ्यावर दिसेलच असे नाही. दोन संस्थांचा बोजा असल्यास दोघींचीही संमती लागते.

वसुली कोणत्या टप्प्यावर आहे, हेही विचारावे. तारण मालमत्तेतून वसुली करण्याच्या २००२ च्या सरफेसी कायद्याची ६० दिवसांची नोटीस मिळाल्यावर बँकेच्या पूर्व लेखी संमतीशिवाय कर्जदाराला तारण मालमत्ता विकता येत नाही. लिलावाची जाहीर सूचना प्रसिद्ध झाली, की कर्ज फेडून घर सोडवण्याचा त्याचा हक्कही संपतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये हे स्पष्ट केले आहे. शेतजमिनीच्या तारणाला मात्र हा कायदा लागू नाही.

करारात काय असावे

विसार कमी ठेवावा आणि तो धनादेशानेच द्यावा. ठरलेल्या तारखेपर्यंत बँकेचे लेखी मंजुरीपत्र आले नाही, तर विसार परत मिळेल, अशी अट साठेकरारात असावी. मोठी रक्कम मालकाच्या हाती न देता थेट कर्जखात्यात भरावी. तडजोडीची रक्कम भरण्याची मुदत तीन महिन्यांहून जास्त असेल, तर ती तडजोड कर्जाची पुनर्रचना मानली जाते; म्हणून बँका सहसा त्याच्या आतली तारीख देतात. ती चुकली, तर तडजोड रद्द होऊ शकते. खरेदीदारालाच गृहकर्ज घ्यायचे असेल, तर त्याची मंजुरी आधी हवी आणि तिची वैधता मालकाच्या बँकेच्या होकारापर्यंत टिकायला हवी.

पाठपुरावा

खात्याची माहिती बँक तिऱ्हाईताला देत नाही. त्यासाठी मालकाकडून अधिकारपत्र घ्यावे. थकबाकीचा उतारा, उत्पन्नाचे पुरावे, मालकाच्या अडचणीचे पत्र, खरेदीदाराचा लेखी प्रस्ताव आणि पैशाची तजवीज दाखवणारी कागदपत्रे एकाच वेळी देऊन पोच घ्यावी. स्मरणपत्र शाखेबरोबर वरच्या कार्यालयालाही पाठवावे. बँकेकडे केलेल्या तक्रारीला ३० दिवसांत उत्तर आले नाही, तर कर्जदाराला रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. मात्र तडजोड हा कर्जदाराचा हक्क नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये म्हटले आहे. दिरंगाईची तक्रार होऊ शकते. होकार देण्याची सक्ती करता येत नाही.

पैसे भरल्यावर

कर्ज पूर्ण फिटले किंवा तडजोडीने मिटले, की ३० दिवसांत मूळ कागदपत्रे परत देणे आणि बोज्याची नोंद काढणे वित्तसंस्थेवर बंधनकारक आहे. १ डिसेंबर २०२३ पासून लागू झालेल्या या नियमानुसार, संस्थेच्या चुकीने उशीर झाल्यास दररोज ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. कागदपत्रे आणि ही भरपाई कर्जदारालाच मिळतात. त्यामुळे कागदपत्रे खरेदीदाराच्या हाती देण्याचे संमतीपत्र आधीच लिहून घ्यावे. शेवटी थकबाकी नसल्याचा दाखला घ्यावा, बोजा सातबाऱ्यावर असल्यास तलाठ्याकडे फेरफार करावा आणि केंद्रीय नोंदवहीतील तारणाची नोंद निघाल्याची खात्री करावी.