दीपनगरची वीज नेमकी जाते कुठे?

भुसावळजवळून राष्ट्रीय महामार्गाने जाताना दिसणाऱ्या त्या उंच चिमण्या महानिर्मितीच्या दीपनगर औष्णिक वीज केंद्राच्या. कोळसा येतो रेल्वेने, पाणी तापीवरच्या हतनूर धरणातून. म्हणूनच केंद्राला ही जागा सोयीची.

इथले 500 मेगावॅटचे दोन संच गेल्या दशकात सुरू झाले. असा एक संच पूर्ण क्षमतेने 24 तास चालला, तर 1 कोटी 20 लाख युनिट वीज तयार होते! नवा 660 मेगावॅटचा संच ‘सुपरक्रिटिकल’ आहे. त्यात वाफेचा दाब आणि तापमान इतके जास्त असते, की तेवढ्याच विजेसाठी कोळसा कमी लागतो.

ही वीज फक्त खान्देशाची नाही. ती राज्याच्या ग्रिडमध्ये मिसळते. त्याच ग्रिडमध्ये धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातली सौर आणि पवनऊर्जाही येते. पण सूर्य मावळला, वारा पडला की भार पुन्हा कोळशावर.

किंमतही आहेच: कार्बन, धूर आणि राखेचे डोंगर. ती राख सिमेंट आणि विटांमध्ये वापरता येते.

तुमच्या गावात दीपनगरच्या राखेच्या विटा वापरतात का? कमेंटमध्ये सांगा.

#दीपनगर #खान्देश #वीज