पिवळ्या फडक्यांची फौज

चीनच्या राजधानीत, लोयांगमध्ये, सरकारी कचेऱ्यांच्या दारांवर कुणीतरी पांढऱ्या मातीने दोनच अक्षरं लिहून गेलं: च्या-त्झू!

च्या-त्झू हे साठ वर्षांच्या चक्रातलं पहिलं वर्ष. गुढीपाडव्याला आपण नव्या संवत्सराचं नाव ऐकतो ना? आपलीही संवत्सरं साठच, नंतर पुन्हा पहिल्यापासून. चीनमध्ये असं नवं चक्र इ. स. १८४ मध्ये सुरू होणार होतं.

ती अक्षरं लिहिणारे होते चांग च्याओचे अनुयायी. हा चांग च्याओ सेनापती नव्हता बरं का! तो आजाऱ्यांना बरं करू पाहणारा ताओपंथी गुरू. तेव्हा राज्य होतं हान घराण्याचं, आणि सम्राट लिंग चक्क पैसे घेऊन सरकारी पदं विकायचा. पद विकत घेणारा तो पैसा कुणाकडून वसूल करणार? गरीब रयतेकडूनच. त्यात साथीचे रोग पुन्हा पुन्हा यायचे.

चांग च्याओ आजाऱ्याला सांगायचा, आधी आपल्या चुका कबूल कर. मग मंतरलेलं पाणी प्यायला द्यायचा. अशा पाण्याने साथ हटत नाही, हे आज आपल्याला ठाऊक आहे. पण ज्यांच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नव्हतं, त्यांची विचारपूस करणारं कुणीतरी भेटलं. मला तर खरं औषध तेच वाटतं! दहाएक वर्षांत त्याला लाखो अनुयायी मिळाले. पंथाचं नाव होतं 'महाशांतीचा मार्ग'.

त्याने अनुयायांचे ३६ विभाग पाडले. मोठ्या विभागात दहा हजारांहून जास्त माणसं, लहानात सहा-सात हजार, आणि प्रत्येकाला एक प्रमुख. प्रार्थनेसाठी जोडलेली माणसं अशी फौज बनली. नवं चक्र लागलं की जुनं राज्य जाऊन पिवळ्या आकाशाचं युग येईल, असं ती मानत. चिनी विचारातल्या पाच तत्त्वांपैकी माती पिवळी, म्हणून सगळ्यांनी डोक्याला पिवळी फडकी बांधली.

पण एका शिष्याने फितुरी केली आणि ठरलेल्या दिवसाआधीच बंड पेटलं. त्याच वर्षी चांग च्याओ आजारपणात वारला, त्याचे दोन्ही भाऊ लढाईत पडले. बंड मोडायला ज्या सरदारांना बळ दिलं, तेच पुढे आपापसात लढू लागले. इ. स. २२० मध्ये हान घराण्याचं राज्य संपलं.