सातबाऱ्यावरचा ‘एकुमॅ’ कोण?

हा भाग ऐकण्यापेक्षा वाचायला सांगणारे बरेच जण आहेत, म्हणून नेहमीप्रमाणे इथे लिहून देतेय.

आपल्या एका श्रोत्या ताईने सातबाऱ्याचा फोटो पाठवला. मोठ्या काकांच्या नावापुढे लिहिलंय, ‘एकुमॅ’. तिचा प्रश्न, “हे काय आहे? गूगलवर काहीच येत नाही. आणि काका म्हणतात जमीन माझ्या नावावर आहे, तुझ्या बाबांचा काय संबंध?”

शब्दकोशात हा शब्द सापडणार नाही. पण म्हणून हात टेकायचे नाहीत. आधी बघा, शब्द बसलाय कुठे? नावाच्या मागे, भोगवटादाराच्या रकान्यात. मग आडनाव असेल का? मी तिला शेजारच्या दोन-तीन गटांचे सातबारे काढायला सांगितले. वेगवेगळ्या आडनावांच्या माणसांपुढेही ‘एकुमॅ’ आहेच! म्हणजे आडनाव नाही, तो त्या माणसाविषयीचा शेरा आहे.

आता खरी गंमत शेवटच्या अक्षरात. ‘मॅ’ वरची ती चंद्रकोर बघा. मराठीत ती बहुतेक इंग्रजीतून आलेल्या शब्दांवरच दिसते: बॅट, मॅच, कॅमेरा. पुढे ‘एकु’ मात्र अस्सल देशी. अर्धा मराठी, अर्धा इंग्रजी असा अखंड शब्द असण्यापेक्षा ही आद्याक्षरं असण्याची शक्यता जास्त, मधली टिंबं गळालेली. ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. काही ठिकाणी ‘ए.कु.क.’ दिसतं, तिथे क म्हणजे कर्ता. ‘ए.कु.पु.’ असेल तर पुढारी. शेवटचं अक्षर बदलतं, पहिली दोन तीच राहतात. झाली की नाही खात्री?

आणि या तीन अक्षरांनी ताईच्या घरातलं अख्खं भांडण बदलतं. आजोबा वारले की पूर्वी अनेकदा फक्त थोरल्या मुलाचं नाव लावायचे, बाकीच्या भावंडांच्या वतीने. बहिणींची नावं तर सर्रास राहून जायची. म्हणजे काकांचं नाव तिथे आहे ते कुटुंबाचा मॅनेजर म्हणून, एकटे मालक म्हणून नाही. अर्थात शेरा बघून कोणाचा हिस्सा किती हे ठरत नाही. मधे वाटणी झाली असेल, हक्कसोड झाली असेल. त्यासाठी सातबाऱ्यावर वर्तुळात किंवा कंसात जे आकडे असतात ते फेरफार क्रमांक घ्यायचे आणि तलाठी कार्यालयातून किंवा तहसीलच्या अभिलेख कक्षातून तो फेरफार, म्हणजे गाव नमुना ६, काढायचा. नाव कधी, कशामुळे लागलं आणि इतर वारस कोण, हे बहुतेक वेळा तिथे लिहिलेलं सापडतं. ताई सध्या त्याच कामाला लागलीय.

असाच दुसरा शेरा ‘अ.पा.क.’, अज्ञान पालनकर्ता. इथे अज्ञान म्हणजे अडाणी नव्हे हं! अज्ञान म्हणजे १८ वर्षांखालचा, आणि त्याच्या समोरचा सज्ञान. ओळखीचा शब्दच कधी कधी जास्त फसवतो.

‘पोटखराब’ वाचून तर आमच्या टीममधला एकजण पाच मिनिटं हसत होता. पण पोटभाडेकरू, पोटनियम, पोटजात हे शब्द शेजारी ठेवा. पोट म्हणजे आतला भाग. गटाच्या आतली जी जमीन पिकाखाली येत नाही, खडक, नाला, रस्ता, ती पोटखराब.

टायपिंगच्या चुका हा वेगळाच ताप. इतर हक्कांच्या रकान्यात ‘कुल’ दिसलं तर लगेच ‘टोटल’ समजू नका. ते ‘कूळ’ असू शकतं, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा, आणि कुळाला कायद्याने हक्क असतात. हिंदी कीबोर्डवर ‘ळ’ सहज सापडत नाही, मग ‘ल’ वर भागवलं जातं. मोठ्याने वाचा, त्या रकान्यात काय असायला हवं ते आठवा, आणि शंका आली की जुना हस्तलिखित उतारा काढून ताडून बघा. टाइप केलेला उतारा त्याच्यावरूनच आलाय.

पुढच्या भागात जुन्या उताऱ्यांवरचे आणे-पै. तोवर एवढंच लक्षात ठेवा, रुपयाचे १६ आणे. म्हणून हिस्सा ४ आणे लिहिला असेल, तर तो चौथा हिस्सा. तुमच्याकडचे कोडे घालणारे शब्द पाठवा, फक्त फोटोतली नावं आणि गट नंबर झाकून.